‘कोणाच्या रक्ताची?’ असे विचारणाऱ्या भाऊबंदांना

मागच्या वर्षी मराठवाड्यातल्या एका गावी आम्ही पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला गेलो होतो. त्रिसरण-पंचशील झाले, भन्तेजींची धम्मदेसना झाली, जेवणे झाली. पत्रावळ्या उचलायच्या आत मृताचे दोघे सख्खे भाऊ त्याच्या विधवेसमोर उभे राहिले. “पोरगी आमच्या भावाची कशावरून? डीएनए करा, मगच वारसात नाव लागेल.” पोरगी 19 वर्षांची, याच चुलत्यांच्या अंगाखांद्यावर वाढलेली. मग एवढ्यात असे काय घडले? महार वतनाच्या जमिनीतला तुकडा रस्त्यात गेला होता आणि त्याचा मोबदला यायचा होता. रुपये दिसले तेव्हा यांना रक्त आठवले!

आम्ही विज्ञानाच्या विरोधात नाही. बाबासाहेबांचा माणूस विज्ञानाला घाबरत नाही. पण प्रयोगशाळेचा पांढरा कोट घालून जुनाच मनुवादी प्रश्न दारात येतो, तेव्हा त्याला ओळखायला हवे. ‘तू कोणाच्या रक्ताची?’ या प्रश्नावरच जात उभी आहे. स्त्रीच्या चारित्र्यावर पहारा ठेवल्याशिवाय जात टिकत नाही. 1936 साली ‘जातिनिर्मूलन’ या भाषणात बाबासाहेबांनी रक्तशुद्धीचा दावा खोडून काढला. आपण त्यांची जयंती साजरी करतो आणि भावाच्या विधवेला रक्ताचा पुरावा मागतो!

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. आपण हिंदू नाही. तरीही 1956 चा हिंदू उत्तराधिकार कायदा बौद्धांना लागू आहे. त्यानुसार मृत्युपत्र न करता पुरुष वारला, तर त्याच्या वाट्यावर पहिला हक्क पत्नी, मुलगा, मुलगी आणि आई यांचा असतो. यांपैकी कोणी असेल तर भावांना त्या वाट्यातले काही मिळत नाही. म्हणूनच भाऊबंद आधी लग्नावर शंका घेतात, मग लेकीवर.

वैध लग्नाच्या काळात जन्मलेले मूल त्या नवऱ्याचेच, असे पुरावा कायद्याचे कलम 112 सांगत होते. नव्या साक्ष अधिनियमात तेच कलम 116 आहे. गर्भधारणेच्या काळात नवरा-बायकोचा संबंध येणे शक्यच नव्हते, हे सिद्ध केल्याशिवाय हे गृहीतक सहसा ढळत नाही. 1993 साली सर्वोच्च न्यायालयाने बजावले की, कोणी मागितली म्हणून रक्ततपासणीचा आदेश देता येत नाही. 1 ऑक्टोबर 2021 च्या निकालात तर मालमत्तेचाच वाद होता. आईवडील वारल्यावर एकाने मुलगा म्हणून हक्क सांगितला. बहिणी म्हणाल्या, हा आमचा भाऊच नाही, डीएनए करा. तो कागदपत्रांवर दावा सिद्ध करायला तयार होता, तपासणीला नव्हता. दुसरा पुरावा उपलब्ध असताना त्याच्यावर तपासणी लादता येणार नाही, असे न्यायालयाने ठरवले. इथे मागणी बहिणींची होती, हेही लक्षात घ्या. हे हत्यार कोणाच्याही हातात येऊ शकते.

आणि मेल्यानंतरची तपासणी वाटते तितकी सोपी नसते. दहन झाले असेल तर राखेतून सहसा उपयोगी डीएनए मिळत नाही. मग नातेवाइकांचे नमुने घेऊन अंदाज बांधावा लागतो. वाय गुणसूत्र बापाकडून फक्त मुलाकडे जाते. म्हणजे त्या तपासणीत लेक आधीच बाद! मुलाचे वाय जुळले तरी बाप कोण आणि चुलता कोण, हे ते सांगू शकत नाही, कारण दोघा भावांचे वाय सारखेच असते. चुलत्यांच्या नमुन्यावरून पुतणीचे नाते तपासले, तर निष्कर्ष शक्यतेच्या भाषेत येतो. दत्तक मुलाचे काय? कायद्याने त्याला पोटच्या मुलाइतकाच हक्क आहे. डीएनए मात्र त्याला परका म्हणेल.

कोणी विचारेल, मग डीएनए कधीच नको का? हवा. हक्क नाकारला गेलेला स्वतःहून मागत असेल, तेव्हा हवा. नारायण दत्त तिवारी मुख्यमंत्री होते, राज्यपाल होते. एका तरुणाने ‘हे माझे वडील’ म्हणून न्यायालयात दाद मागितली. तिवारींनी रक्त द्यायला नकार दिला. 2012 मध्ये न्यायालयाने नमुना घ्यायला लावला आणि तो तरुण खरा ठरला. तिथे तपासणी बलवानाच्या विरोधात वापरली गेली. त्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी ती विधवेच्या विरोधात मागितली जात होती. आमची कसोटी एवढीच: नमुना कोण मागतो आहे आणि बदनामी कोणाची होणार आहे?

आता थोडे आपल्याच घरात पाहू. आपण बौद्ध पद्धतीने मंगलपरिणय करतो, फोटो काढतो आणि नोंदणी मात्र करत नाही. ही चूक पुढे विधवेला भोवते. कार्यकर्त्यांनो, प्रत्येक विहारात हे सांगा: विवाहनोंदणी करा, मुलांच्या जन्मदाखल्यावर आईबापांची नावे तपासा, मृत्युपत्र लिहा. मृत्युपत्राला नोंदणीची सक्ती नाही. दोन साक्षीदारांसमोर सही करा, त्यांच्याही सह्या घ्या. दुसऱ्या लग्नाच्या मुलांनाही हाकलू नका. लग्न अवैध ठरले, तरी आईबापाच्या वाट्यात त्यांचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये स्पष्ट केले आहे.

त्या पोरीसाठी आम्ही जन्मदाखला, रेशनकार्ड आणि वसतिगृहाच्या अर्जावरची बापाची सही गोळा केली. फेरफारावरच्या हरकतीच्या सुनावणीला तिच्यासोबत गेलो. वारस नोंद झाली. चुलते आता दिवाणी न्यायालयात गेले आहेत. जाऊ द्यात. तिथेही आम्ही तिच्यासोबत असू.

बापाने आयुष्यभर जिला लेक म्हटले, तिला त्याच्या मरणानंतर परकी ठरवणारे तुम्ही कोण?

जय भीम! नमो बुद्धाय!