न उघडणारीं दारें

गेल्या महिन्यांत आमच्या घरीं एक खटला उभा राहिला आणि न्यायासनावर मला बसविण्यांत आलें. फिर्यादी आमच्या सूनबाई, आरोपी चौदा वर्षांचा नातू, आणि गुन्हा असा कीं, परीक्षा तोंडावर आली असतां हे महाशय वडिलांच्या संगणकावर 'ग्रँड थेफ्ट ऑटो' नांवाचा खेळ खेळत होते. "मामंजी, हा यांत माणसें मारतो, मोटारी चोरतो आणि त्याबद्दल त्याला वर पैसे मिळतात. आतां तुम्हींच काय तें सांगा," असें म्हणून सूनबाईंनीं पुराव्यादाखल तें यंत्रच माझ्यापुढें आणून ठेविलें. आरोपीचे वडील, म्हणजे आमचे चिरंजीव, तारापूरच्या औद्योगिक वसाहतींत नोकरीस आहेत. ते या वेळीं वर्तमानपत्रांत तोंड खुपसून बसले होते. पुढें उलगडा झाला कीं, हाच खेळ त्यांनीं स्वतः वीस वर्षांपूर्वीं बोईसर स्टेशनाजवळच्या एका सायबर-कॅफेंत, खाऊचे पैसे मोडून, माझ्या नकळत खेळून संपविला होता. म्हणजे आरोपी एक नसून दोन होते. आणि न्यायाधीशाचेंही त्या काळीं घरांत पुरतें लक्ष नव्हतें असें सिद्ध झालें.

पुरावा पाहिल्यावांचून निकाल देणें बरें नव्हे, म्हणून मीं तीन रात्री नातवाशेजारीं बसून काढल्या.

या खेळाचा पहिला भाग १९९७ सालीं निघाला. तो स्कॉटलंडांतील डंडी शहरीं तयार झाला होता. आमच्या घरीं चालू होता तो २००२ सालचा 'व्हाइस सिटी' हा भाग. १९८६ च्या सुमाराच्या मायामी नगराची ती प्रतिकृति: समुद्र, ताडमाड, रंगीबेरंगी दिवे, आणि मोटारींत बसलें कीं रेडिओवर तऱ्हेतऱ्हेचीं गाणीं. २०१३ सालीं आलेल्या पांचव्या भागाच्या तर जगभर वीस कोटींहून अधिक प्रती खपल्या, आणि सहाव्याची पहिली झलक डिसेंबर २०२३ मध्यें प्रसिद्ध झाली तेव्हां ती पाहण्यासाठीं चिरंजीव पहांटे उठले होते, असें आतां कळतें. एरवीं त्यांना उठविण्यास दोन हांका पुरत नाहींत.

जुन्या खेळांत एक वाट आंखून दिलेली असे, तिच्यावरूनच धांवावयाचें. येथें सारें नगर मोकळें असतें. हवें तिकडे जावें, हवी ती मोटार अडवून चालकास बाहेर ओढावें, अथवा कांहींच न करतां समुद्रकांठीं उभें राहावें. यालाच 'मुक्त जग' म्हणतात. नायक एका टोळीचा माणूस. पुढें तोच स्वतःच्या टोळीचा धनी होतो. अपराध घडला कीं पडद्याच्या कोपऱ्यांत तारे उमटतात, आणि सहा तारे झाले कीं थेट लष्कर येतें. परंतु मोटार एका ठराविक रंगशाळेंत नेऊन, थोडे पैसे टाकून नवा रंग लावून घेतला म्हणजे तारे मावळतात. पकडला गेला तर शस्त्रें जप्त होतात आणि नायक ठाण्याबाहेर मोकळा! मारला गेला तर इस्पितळाच्या दारांत पुन्हां उभा! प्रायश्चित्ताचें इतकें स्वस्त विधान कोणत्याही स्मृतींत माझ्या वाचनांत आलेलें नाहीं.

खेळाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्याच नगरांत टॅक्सी चालवून उतारूंना इच्छित स्थळीं पोंचवितां येतें, रुग्णवाहिका घेऊन जखमींना इस्पितळांत नेतां येतें, आगीचे बंब चालवितां येतात. मीं टॅक्सी मागितली. तांबडा दिवा दिसतांच मीं ती थांबविली, तेव्हां नातू पोट धरून हंसला. "आजोबा, इथं सिग्नलला आपण थांबायचं नसतं!" दिवा हिरवा झाल्यावर मीं कळ दाबली ती चुकीची, आणि टॅक्सी पदपथावर चढून एक पांढरा सदरा घातलेला गृहस्थ खालीं पडला. मीं खरोखरच दचकलों.

"हा कोण?" मीं विचारलें.

"कोणी नाहीं, आजोबा. थोड्या वेळानें तो आपोआप नाहींसा होतो."

"त्याचें घर कोणतें?"

"त्याला घर नसतं." नातू आतां मला समजावून सांगूं लागला. "हीं सगळीं घरं दिसतात ना, त्यांतलीं कांहीं थोडींच उघडतात. बाकीचीं दारं नुसतीं रंगवलेलीं आहेत."

हें त्यानें अगदीं सहज सांगितलें. मला मात्र त्या रात्रीं झोंप लागेना.

चोरांच्या कथा आपल्या वाङ्मयास नव्या नाहींत. दंडीच्या 'दशकुमारचरितां'तील अपहारवर्मा चंपानगरींत कृपणांचीं घरें फोडीत हिंडतो, आणि संपत्तीची चंचलता लोकांस कळावी म्हणून आपण हें करतों असें वर सांगतो. शूद्रकाच्या 'मृच्छकटिकां'तील शर्विलक तर आपल्याच ज्ञातीचा. दान न घेणाऱ्या चतुर्वेदी ब्राह्मणाचा मुलगा. तिसऱ्या अंकांत तो चारुदत्ताची भिंत फोडतो तेव्हां मापाची दोरी विसरल्याचें त्याच्या ध्यानांत येतें, आणि तो गळ्यांतील जानव्यानें माप घेतो. भोंक कमळाकृति करावें, सूर्याकृति करावें, कीं चंद्रकोरीसारखें, याचा तो शास्त्रोक्त विचार करतो आणि अखेर पूर्णकुंभ पसंत करतो. वर्गांत हा भाग आला कीं मुलें खूष होत, आणि मीही त्यांच्या आनंदांत सामील होत असें. एवढें शिकवून एकही विद्यार्थी भिंत फोडावयास गेला नाहीं. त्यामुळें 'मुलें पाहतात तेंच करतात' या सरधोपट फिर्यादीवर माझा फारसा विश्वास नाहीं. अमेरिकेंतील मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेनेंही २०२० सालीं एवढेंच म्हटलें कीं, अशा हिंसक खेळांनीं वागण्यांत थोडा आक्रमकपणा वाढलेला दिसतो, परंतु प्रत्यक्ष खूनबाजीचा दोष त्यांच्या माथीं मारण्यास पुरेसा पुरावा नाहीं.

पण शर्विलक निघून गेल्यावर शूद्रक आपल्याला त्याच्यामागून धाडीत नाहीं. तो आपल्याला फुटलेल्या घरांतच ठेवतो. तेथें मैत्रेयाची आरडाओरड ऐकूं येते. चारुदत्त आधीं त्या भोंकाची कारागिरी वाखाणतो, आणि मग दुसऱ्याची ठेव गेली हें कळतांच त्याच्या तोंडचें पाणी पळतें. आंतल्या दालनांत धूता ती वार्ता ऐकते, आणि पतीच्या नांवास बट्टा लागूं नये म्हणून माहेरून मिळालेली आपली रत्नमाला काढून देते. चवथ्या अंकांत शर्विलकालाही कळतें कीं, आपण कोणाचें घर फोडलें. चोर रंगवितांना शूद्रकानें हात आखडला नाहीं. परंतु दारही बंद ठेविलें नाहीं. व्हाइस सिटींत मात्र मुक्त आहे तो एकटा नायक, आणि ज्यांच्या अंगावरून तो मोटार नेतो त्यांचीं दारें चित्रांतलीं. एकदां मात्र असें एक दार बाहेरून ठोठावलें गेलें. या खेळांतल्या एका वाक्यांत हैती देशाच्या लोकांना सरसकट मारून टाकण्याची भाषा होती. २००३ सालीं न्यूयॉर्कमधील हैतीवासीयांनीं निदर्शनें केलीं, तेव्हां तें वाक्य पुढील प्रतींतून गाळण्याचें कंपनीनें मान्य केलें.

मुंबईंतील एका कंपनीनें 'मुंबई गल्लीज' नांवाचा याच धर्तीचा खेळ रचावयास घेतल्याचें २०२० सालीं जाहीर केलें. ही बातमी नातवानें मोठ्या अभिमानानें सांगितली, आणि स्वदेशी म्हणून मलाही क्षणभर अभिमान वाटला. परंतु मुंबईचा तो इतिहास आम्हां किनाऱ्यावरच्या लोकांना चित्रांतला वाटत नाहीं. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानंतर हातभट्टीवाल्यांचे पाय शहरांत रोवले गेले. दमण १९६१ च्या डिसेंबरपर्यंत पोर्तुगिजांकडे होतें आणि तें आमच्यापासून फार दूर नाहीं. तेथली दारू अजूनही आमच्या जिल्ह्यांतील नाक्यांवर पकडली जाते. पुढें १९६८ चा सुवर्णनियंत्रण कायदा आला आणि चोरट्या सोन्यास भाव चढला. तो कायदा रद्द व्हावयास १९९० उजाडलें. माझ्या लहानपणीं तारापूर-चिंचणीच्या बाजूस रात्रीं होडींतून काय उतरलें याविषयीं मोठीं माणसें हळू आवाजांत बोलत आणि आम्हां मुलांना आंत पिटाळीत. कीर्ती महाविद्यालयांत शिकलेला मन्या सुर्वे ११ जानेवारी १९८२ रोजीं वडाळ्यास पोलिसांच्या गोळ्यांनीं मेला. बरोबर सात दिवसांनीं, १८ जानेवारीस, गिरणी-संप सुरू झाला. सुमारें अडीच लाख कामगार त्यांत उतरले आणि कित्येक घरांच्या चुली विझल्या. बापाचा पगार थांबलेला, पोरगा अठरा वर्षांचा, आणि कोपऱ्यावर उभा असलेला 'भाई' रोज हातांत नोटा ठेवणार! टोळ्यांची भरती अशी होत असे. ज्या समुद्रमार्गें सोनें येई त्याच मार्गें रायगडच्या किनाऱ्यावर स्फोटकें उतरलीं, आणि १२ मार्च १९९३ रोजीं एका दुपारीं २५७ माणसें गेलीं. संघटित गुन्हेगारीसाठीं महाराष्ट्रानें स्वतंत्र कायदा केला तो १९९९ सालीं.

त्या कायद्याच्या आधींची, १९९४ सालची गोष्ट. मी तेव्हां किनाऱ्यावरच्या एका गांवीं शिक्षक होतों. जूनच्या पावसांत एक बाई शाळेच्या ओसरीवर येऊन उभी राहिली. तिचा मुलगा माझा विद्यार्थी होता. अक्षर वळणदार, पाठांतर चांगलें, परंतु नववीपासून शाळेंत येईनासा झाला. बाप वारलेला, मामा परळास. मामाकडे गेला तो तिकडचाच झाला. पुढें कोणाकोणाच्या संगतींत पडला तें आमच्यापर्यंत तुकड्यातुकड्यांनीं येत असे. आणि एके दिवशीं दोन टोळ्यांच्या वैरांत तो मारला गेल्याचीच बातमी आली. कागदांत त्याचें वय पंचवीस लिहिलें गेलें होतें. "मास्तर, तो एकोणीसचा होता," ती म्हणाली. "तेवढं दुरुस्त करून द्या." तिला दुसरें कांहीं नको होतें.

मीं जनरल रजिस्टर काढलें आणि दाखला लिहावयास बसलों. जन्मतारीख लिहिली. 'शाळा सोडण्याचें कारण' या रकान्यांत 'सतत गैरहजर' असें होतें, आणि तें अक्षर माझेंच होतें. पांच वर्षांपूर्वीं त्याचें नांव पटावरून मींच कमी केलें होतें. नियमाप्रमाणें केलें होतें, परंतु तत्पूर्वीं त्याच्या घरीं एकदां जाऊन यावें असें मला सुचलें नव्हतें. त्याचें घर शाळेपासून दहा मिनिटांच्या वाटेवर होतें. बाईला वाचतां येत नव्हतें. तिनें सगळा दाखला मोठ्यानें वाचावयास सांगितला. 'वर्तणूक: चांगली' येथवर आलों तेव्हां ती म्हणाली, "तें पुन्हां एकदां वाचा." मीं पुन्हां वाचलें. मग तिनें तो कागद पदराखालीं घेतला आणि पावसांतून निघून गेली.

ही हकीकत मीं तिसऱ्या रात्रीं नातवाला सांगितली. त्यानें खेळ थांबवून ऐकली. मग बराच वेळ खुर्चीच्या हातावर नखानें रेघा ओढीत राहिला. मधेंच चिरंजीव बोलले. त्यांनीं वर्तमानपत्र बाजूला ठेविलें होतें. त्यांनीं 'माफिया' नांवाच्या दुसऱ्या एका खेळाची गोष्ट सांगितली. तो २००२ सालींच चेक देशांतील ब्रनो येथें तयार झाला. त्याचा नायक मुळांत सरळ टॅक्सीवाला. टोळींत ओढला जातो. त्या नगरांत तांबडा दिवा ओलांडला तर पोलीस दंड करतात (हें ऐकून मला माझ्या बाजूचा साक्षीदार भेटल्यासारखें वाटलें), आणि शेवटीं तो नायक म्हातारा होऊन आपल्या घरापुढच्या हिरवळीस पाणी घालीत असतां दोघेजण येऊन त्याला गोळी घालतात. "पण बाबा, खरी गंमत पुढेंच आहे," चिरंजीव म्हणाले. "२०१० सालच्या दुसऱ्या भागांत त्याच म्हाताऱ्याच्या दाराशीं मोटार जाऊन थांबते, आणि त्या दोघांपैकीं एक आपणच असतों. मी त्या दिवशीं मग खेळ बंद करून झोपलों." इतक्या वर्षांत हें त्यानें मला कधीं सांगितलें नव्हतें, आणि मीं विचारलें तरी कोठें होतें?

निकाल मीं रविवारीं दिला. खेळांची वयोमर्यादा ठरविणाऱ्या मंडळानें त्यावर अठरा वर्षांची मर्यादा घातली आहे. मालाबरोबरच जी सूचना येते ती आपल्या घरांत मोडावी हें मला पटत नाहीं. सबब चार वर्षें 'व्हाइस सिटी' बंद. चेंडूफळीचा आणि मोटारींच्या शर्यतीचा खेळ रोज अर्धा तास, दिवाणखान्यांत, सर्वांदेखत. आरोपी क्रमांक दोन यांनीं सहाव्या भागासाठीं बाजूला टाकलेली रक्कम सूनबाईंच्या हवालीं करावी.

"आजोबा," आरोपीनें विचारलें, "त्या शर्विलकाला किती वर्षांची मर्यादा आहे?"

याचें उत्तर मजजवळ नव्हतें. त्याच संध्याकाळीं कपाटांतून 'मृच्छकटिक' काढून तिसरा अंक वाचावयास सुरुवात केली. नातवाला जानव्याचें माप फार आवडलें. धूतेची रत्नमाला अजून यावयाची आहे. दरम्यान आरोपीनें निकालाविरुद्ध आजीकडे अपील केलें असून, तें कोर्ट नातवांच्या बाजूनें झुकतें असा आमच्या घरचा अनुभव आहे.