उणावलेल्या जठराचे देणे

स्थूलतेवरील शस्त्रक्रिया करून घेतलेली मंडळी वर्ष-दीड वर्षाने भेटली, की पुष्कळांच्या तोंडून एकच कैफियत ऐकू येते : वजन उतरले, मधुमेहाची औषधे सुटली, घरचे सकस अन्न वेळेवर पोटात जात आहे, मग जीवनसत्त्वांच्या गोळ्या जन्मभर गिळीत राहण्याचे प्रयोजन काय, हा औषध-कारखानदारांचा व्यापार नव्हे काय? हा पूर्वपक्ष हसण्यावारी नेण्याजोगा नाही. ज्याचे जठर शाबूत आहे आणि आहार चौरस आहे, त्याच्या बाबतीत मीही बहुधा तोच मांडीन. परंतु ज्याचे जठर पाऊण भाग कापून काढले आहे, किंवा ज्याच्या अन्नाला जठराचा मोठा हिस्सा आणि ग्रहणी टाळून पुढच्या आतड्यात उतरविले आहे, त्याच्या मुखी तो शोभत नाही. कारण खाल्लेले ते सारे अंगी लागले, हे त्यातले गृहीतच शस्त्रक्रियेने मोडीत काढलेले असते.

ब-१२ या जीवनसत्त्वाचेच पाहा. अन्नातील प्रथिनांशी जखडलेले हे द्रव्य प्रथम जठरातील आम्लाने मोकळे व्हावे लागते, पुढे जठराच्याच पेशींनी स्रवलेल्या एका विशिष्ट प्रथिनाची सोबत त्याला मिळावी लागते, आणि ती सोबत असेल तरच शेषांत्राच्या अखेरच्या भागात त्याला रक्तात प्रवेश मिळतो. विल्यम कॅसल या अमेरिकन वैद्याने १९२९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत नुसते मांस खाऊन पांडुरोग्याला गुण आला नाही, परंतु निरोगी माणसाच्या जठरात काही काळ राहिलेले मांस दिल्यावर आला. म्हणजे उणीव ताटात नव्हती, जठरात होती. शस्त्रक्रियेने ही उणीव आपण जाणूनबुजून, मोठ्या हितासाठी, निर्माण करतो. त्यातही आपल्याकडे मूळची शिल्लकच तुटपुंजी : पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या पाहण्यांत सुमारे दोन तृतीयांश पुरुषांच्या रक्तात ब-१२ कमी आढळले आहे. भाकरी, वरण, पालेभाजी हे अन्न कितीही सात्त्विक असले तरी त्यात ब-१२ नाही. शाकाहारी माणसाला ते दूधदुभत्यातूनच काय ते मिळते.

गोळीतील मात्रेवरही आक्षेप आहे. रोजची गरज अवघी दोन-अडीच मायक्रोग्रॅम असता पाचशेची गोळी कशासाठी, हे लुबाडणेच नव्हे का, असे विचारले जाते. याचे उत्तर साध्या हिशेबाचे आहे : जठरातील त्या प्रथिनाची मदत नसेल तर पोटात गेलेल्या मात्रेपैकी शेकडा एकाच्या आसपास एवढाच अंश आपोआप झिरपून रक्तात पोहोचतो. पाचशेतून पाच हाती लागतात. ज्याला हेही साधत नाही, त्याने महिन्याला एक इंजेक्शन घ्यावे.

दुसरा युक्तिवाद अधिक फसवा आहे : रक्ताचा अहवाल चांगला आला, आता गोळ्या बंद. यकृतात ब-१२ची शिल्लक काही वर्षे पुरेल एवढी असू शकते, म्हणून पहिल्या वर्षाचा अहवाल पुष्कळदा जुन्या पुंजीचा दाखला असतो, चालू मिळकतीचा नव्हे. कॅल्शियमचे तर याहून वाईट; आतड्यातून ते पुरेसे मिळेनासे झाले की गळ्यातील परावटु ग्रंथी हाडांकडून ते वसूल करून रक्तातील पातळी राखतात, आणि कागदावर सारे आलबेल दिसत असता हाडे पोखरत जातात. म्हणून नुसते कॅल्शियम मोजून भागत नाही, ड जीवनसत्त्व व परावटु-संप्रेरकही पाहावे लागते. फॉलिक आम्लाची कथाही अशीच. मुंबईच्या गरोदर गिरणी कामगार स्त्रियांच्या पांडुरोगाचा शोध घेताना ल्यूसी विल्स यांना ज्या द्रव्याचा माग १९३०च्या सुमारास लागला, तेच हे उपकारक द्रव्य. पण ब-१२ कमी असता तेवढेच एक घेत राहिल्यास रक्त सुधारलेले दिसते आणि मज्जातंतूंची हानी मात्र चालूच राहते.

उलट टोकाला उभे असलेले म्हणतात, जन्मभर गोळ्याच लागणार तर शस्त्रक्रिया हीच चूक. हेही मान्य करता येत नाही. स्वीडनमध्ये १९८७पासून चाललेल्या दीर्घ अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्यांचे मृत्यूचे प्रमाण तशाच इतर स्थूल रुग्णांपेक्षा कमी आढळले. ज्या शस्त्रक्रियेने आयुष्य वाढते, तिच्यासाठी रोज चार गोळ्या आणि दरवर्षी रक्ततपासणी हे देणे भारी नाही. मात्र ते देणे आहे, हे शस्त्रक्रियेपूर्वीच स्पष्ट सांगितले पाहिजे, आणि तपासणीचा खर्च त्याच हिशेबात धरला पाहिजे.

आणि सांगण्याची जागा एकच नाही. शस्त्रक्रिया शहरात होते, पण दोन महिन्यांनी उलट्या थांबेनात म्हणून तालुक्याच्या दवाखान्यात नेलेल्या बाईला तिथे पहिल्या घटकेत ग्लुकोजचे सलाईन लागते, ही आपल्याकडची रीतच आहे. ब-१ची शरीरातील शिल्लक जेमतेम दोन-तीन आठवड्यांची. ती उलट्यांनी आधीच सरलेली असता ब-१ न देता ग्लुकोज चढविले, तर डोळे स्थिर राहत नाहीत, पाय लटपटतात, शुद्धी भ्रमते, आणि कधी स्मृती परत येत नाही. म्हणून घरी सोडताना दिल्या जाणाऱ्या कागदावर, कोणता अवयव किती कापला याच्या खालोखाल, ठळक मराठीत एक ओळ असावी : उलट्या होत असल्यास सलाईनच्या आधी ब-१चे इंजेक्शन द्यावे.