आधी मुलाची प्रकृती, मग शाखा

दहावी-बारावीचे निकाल लागले की माझ्या दवाखान्यात दोन प्रकारची गर्दी होते. एक पावसाळी तापाच्या रुग्णांची आणि दुसरी सल्ला विचारणाऱ्या पालकांची. गोळी देणे सोपे, सल्ला देणे अवघड. हे मला फार उशिरा उमगले.

तेरखेडा हे फटाक्यांचे गाव. सोरा, गंधक, कोळसा यांच्यावर इथल्या कितीतरी घरांची चूल पेटते. त्या कामाने काळवंडलेले हात, भरून आलेली छाती आणि कधी भाजलेले अंग मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. तीन वर्षांपूर्वी असेच काम करणारे एक गृहस्थ दहावी झालेल्या मुलाला घेऊन आले. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, माझं आयुष्य फटाक्यात गेलं. पोरगं तेवढं डॉक्टर होऊ द्या. लातूरला धाडू का?"

गुणपत्रिका चांगली होती. मी म्हणालो, "जरूर धाडा." मुलगा समोरच बाकावर बसला होता. त्याला मी एक शब्दही विचारला नाही. हा माझा दोष, आणि तो मान्य करण्यासाठीच आजचा लेख लिहीत आहे.

तो मुलगा आता परत आला. अकरावी, बारावी आणि त्यानंतर 'नीट'साठी रिपीटरचे एक वर्ष झाले होते. वजन उतरलेले, पित्ताचा त्रास, सतत डोकेदुखी, झोप जेमतेम चार तास. रक्त-लघवीच्या तपासण्या निर्दोष निघाल्या. वडिलांना बाहेर बसवून मी विचारले तेव्हा तो म्हणाला, "मला वायरिंगचं काम आवडतं. गावातल्या मोटारी मीच दुरुस्त करत होतो." वडिलांना हे सांगितले तर ते घाबरून म्हणाले, "मग काय आता कारखान्यातच जायचं का त्यानं?"

वाचकहो, खरे दुखणे इथे आहे. या बापाच्या मनात दोनच दारे होती. एक डॉक्टरकीचे आणि दुसरे फटाक्याच्या कारखान्याचे. त्यांची भीती मुळीच खोटी नाही. अठरा वर्षांखालील मुलांना स्फोटकांच्या कामावर ठेवण्यास कायद्याने बंदी आहे, ती उगीच नव्हे. परंतु भीतीपोटी मुलाला एकाच रांगेत उभे करणे हाही उपाय नव्हे. २०२४ साली देशात २३ लाखांहून अधिक मुलांनी 'नीट' दिली. एम.बी.बी.एस.च्या जागा होत्या एक लाखाहून थोड्या अधिक. म्हणजे वीस मुलांत जेमतेम एकाला जागा. बाकीचे एकोणीस नालायक थोडेच असतात?

या दोन दारांमध्ये कितीतरी वाटा आहेत. दहावीनंतर आयटीआय किंवा तीन वर्षांची तंत्रनिकेतन पदविका, बारावीनंतर परिचारिकेचा जी.एन.एम. अभ्यासक्रम, दोन वर्षांची औषधनिर्माण पदविका, प्रयोगशाळा तंत्रज्ञाचे शिक्षण, कृषी पदवी. रक्त तपासणारा माणूस नसेल तर माझ्यासारखा डॉक्टर अर्धा आंधळाच. ही कामे दुय्यम नाहीत.

आता माझ्या विषयाकडे येतो. शाखा ठरवण्यापूर्वी मुलाची प्रकृती तपासून घ्यावी. पहिले डोळे. चष्म्याचा नंबर पाहावाच, पण रंग ओळखता येतात का हेही पाहावे. रंगीत ठिपक्यांच्या पुस्तकावर ही परीक्षा पाच मिनिटांत होते. रंगांधळेपणा मुलींपेक्षा मुलांत जास्त आढळतो आणि त्याचा घरी पत्ताही नसतो. रेल्वेचे इंजिन चालवणे, सैन्यभरती, वायरिंग अशा कामांत तो आड येतो. भरतीसाठी दोन वर्षे पहाटे धावून शेवटी वैद्यकीय तपासणीत नापास होण्यापेक्षा आधीच कळलेले बरे.

दुसरे रक्त. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातील १५ ते १९ वर्षांच्या शंभरापैकी ५९ मुलींना रक्तक्षय आढळला. अशी मुलगी पुस्तक उघडताच पेंगते आणि आपण तिला आळशी म्हणतो. तिचे हिमोग्लोबिन तपासा. लोहाची गोळी चहाबरोबर देऊ नका, लिंबूपाण्याबरोबर द्या.

तिसरी झोप. या वयात रोज किमान आठ तास झोप लागते. दिवसभर वाचलेले मेंदूत पक्के होते ते झोपेतच. रात्र जागून केलेला अभ्यास म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणे होय.

चौथे मन. रिपीटर व्हायचेच असेल तर ती मुलाची स्वतःची इच्छा हवी, आणि एकच वर्ष की दोन, हे आधीच ठरवून टाकावे. दोन आठवड्यांहून अधिक काळ मूल गप्प राहिले, जेवण-झोप उडाली, 'जगून काय उपयोग' असे बोलू लागले, तर त्याला रागावू नका, एकटे सोडू नका, डॉक्टरकडे न्या. टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीतही बोलता येते.

त्या मुलाची रंगपरीक्षा मी त्याच दिवशी घेतली. एकही ठिपका चुकला नाही. आयटीआयच्या वीजतंत्री शाखेचा अर्ज त्याने भरला आहे. वडील अजून माझ्याशी मोकळेपणाने बोलत नाहीत. तीन वर्षे आणि झालेली उसनवारी मी त्यांना परत देऊ शकत नाही. पण तुमचा मुलगा किंवा मुलगी आज घरात बसली असेल, तर निकालाचा कागद बाजूला ठेवून आधी तिच्याशी बोला. मग लागले तर माझ्याकडे या. या वेळी पहिला प्रश्न मी मुलालाच विचारीन.