झाडाची साक्ष का चालत नाही?

यंत्राने सांगितले तेवढेच खरे, ही आपल्या प्रदूषण-नियंत्रण व्यवस्थेची ठाम समजूत आहे. ती महागही आहे आणि अपुरीही.

राष्ट्रीय वायुसर्वेक्षणातील मनुष्यचलित केंद्रांवर आठवड्यातून दोनदा, म्हणजे वर्षातून १०४ दिवस नमुने घ्यावेत अशी अपेक्षा असते. उरलेल्या २६१ दिवसांत धुराड्यांतून शिसे, निकेल वा कॅडमियम किती बाहेर पडले, याची नोंद कोण ठेवतो? कुंपणाबाहेरचे झाड ठेवते. तपासणीची तारीख सांगून त्याला सावध करता येत नाही, आणि त्याची बदलीही होत नाही.

हा भाबडा निसर्गवाद नव्हे. खोडावर वाढणाऱ्या मॉस जातीच्या शेवाळाला खरी मुळे नसतात. ते हवेतून व पावसातून येणारे धातू साठवते. अमेरिकेतील पोर्टलंड शहरात वनसेवेच्या संशोधकांनी डिसेंबर २०१३ मध्ये अशा शेवाळाचे ३४६ नमुने घेतले. त्यांतील कॅडमियमचा नकाशा रंगीत काचेच्या कारखान्यांकडे बोट दाखवू लागला. २०१५ मध्ये त्यांपैकी एकाजवळ यंत्र बसवले, तेव्हा हवेतील कॅडमियम राज्याच्या मापदंडाच्या ४९ पट निघाले.

आक्षेप ठरलेला आहे: प्रजाती, माती आणि पाऊस यांनुसार आकडे बदलतात. मान्य. म्हणून झाडाच्या साक्षीवर दंड करू नये. यंत्र कोठे ठेवायचे, हे मात्र तिच्यावरूनच ठरवावे. पोर्टलंडमध्ये हेच घडले.

कायद्याची सबबही टिकत नाही. पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ च्या कलम ११ मध्ये हवा, पाणी, माती ‘किंवा अन्य पदार्थ’ यांचे नमुने घेण्याचा अधिकार आहे. आंब्याचे पान हा अन्य पदार्थ नव्हे काय?

२००९ साली केंद्रीय मंडळाने ८८ औद्योगिक क्षेत्रांची पाहणी केली, तेव्हा ४३ क्षेत्रे अतिप्रदूषित ठरली. वापी, अंकलेश्वर, कोरबा, चंद्रपूर त्यांत होती. त्याच वर्षीच्या १२ वायुमानकांत मात्र कॅडमियमला स्थान मिळाले नाही. निदान या क्षेत्रांत दरवर्षी पावसाळ्यापूर्वी ठरावीक झाडांची पाने तपासावीत: धुतलेली आणि न धुतलेली, म्हणजे वरची धूळ आणि आत मुरलेला धातू वेगळे कळतील. निष्कर्ष ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावेत.

अर्थशास्त्र सांगते की स्वस्त माहिती नाकारणाऱ्याचा त्या अज्ञानात काही लाभ असतो. येथे तो कोणाचा आहे, हे शासनाने स्वतःला विचारावे.