बाळ कडेवर, माहेर सातासमुद्रापार

लेक परदेशी असणं ही आता काही पुण्या-मुंबईची मक्तेदारी राहिलेली नाही. बार्शी, चिपळूण, परभणी, कराड, कुठल्याही गावात जा, आळीत एक तरी आजी भेटेल जी नुकतीच ‘तिकडचं’ बाळंतपण उरकून आली आहे. जाताना बॅगेत डिंकाचे लाडू, बाळंतशोपा, जुन्या सुती साड्यांची दुपटी. व्हिसा पाहुण्यांचा, मुक्काम बहुधा सहा महिन्यांचा. सहा महिने सरले की आजी विमानात बसते. जावई सकाळीच कामाला जातो. मागे उरतात लेक, बाळ आणि बंद दाराआडची शांतता.

या सहा महिन्यांनंतर लेकीचं काय होतं, याचा विचार आपण फारसा करत नाही. फोनवर ती हसत असते. बाळ दाखवते. आपण म्हणतो, छान चाललंय.

अलीकडे मात्र मला दोन-तीन जणींनी, जरा चाचरतच, एकच प्रश्न विचारला. “मुलगी तिकडं चर्चमधल्या आयांच्या गटात जाते म्हणते. बाळाला घेऊन. हे काय असतं हो? जाऊ द्यावं का?” प्रश्न आईच्या काळजीतून आलेला आहे, म्हणून त्याचं उत्तरही नीट शोधायला हवं.

ही कल्पना तशी जुनी. १८७६ साली इंग्लंडमध्ये मेरी समनर नावाच्या एका धर्मगुरूच्या पत्नीनं ‘मदर्स युनियन’ सुरू केली. तिच्या लेकीला मूल झालं, तेव्हा आपण पहिलटकरीण असताना किती धास्तावलो होतो हे तिला आठवलं. गावातल्या गरीब-श्रीमंत सगळ्या आयांना तिनं एकत्र बसवलं. पुढे लष्करी अधिकाऱ्यांच्या आणि मिशनऱ्यांच्या बायकांबरोबर ही संस्था देशोदेशी पोचली. आज ती ऐंशीहून अधिक देशांत आहे.

दुसरी संस्था अमेरिकेतली. १९७३ मध्ये कोलोरॅडो राज्यातल्या व्हीट रिज या गावी आठ तरुण आया एका चर्चमध्ये जमल्या. शाळेत न जाणाऱ्या लहान मुलांच्या आयांसाठी म्हणून संस्थेचं नाव पडलं ‘मॉप्स’. २०२३ मध्ये ते बदलून ‘मॉमको’ झालं. नोकरीनिमित्त परदेशी गेलेल्या अमेरिकन कुटुंबांबरोबर हे गट बाहेरही गेले. ज्या शहरात इंग्रजीतून प्रार्थना चालवणारं चर्च आहे, तिथे असा गट किंवा त्याच्यासारखा दुसरा एखादा सापडण्याची शक्यता बरीच. परक्या देशात राहणाऱ्या वेगवेगळ्या देशांच्या आया तिथे येतात आणि आपल्या मुलीही.

तिथे होतं तरी काय? ऐकून आश्चर्य वाटेल, पण सगळं अगदी साधं असतं. आठवड्यातली कामाची एखादी सकाळ. महिन्यातून एक-दोनदा. मुलांना शेजारच्या खोलीत कुणीतरी सांभाळतं. आईला गरम चहा-कॉफी आणि नाश्ता मिळतो, तोही बसून, दोन्ही हात मोकळे ठेवून! मग बाळाची झोप, नवऱ्याशी होणारी खटकाखटकी, पैसा अशा विषयावर कुणी बोलतं. नंतर पाच-सहा जणी एका टेबलाभोवती मन मोकळं करतात. प्रत्येक टेबलाशी मुलं मोठी झालेली एखादी अनुभवी बाई असते. आपल्या भाषेत सांगायचं तर आजीची बदली कामगार! गटातली कुणी बाळंत झाली की बाकीच्या आळीपाळीनं तिच्या घरी जेवण पोचवतात. हे सगळं आपल्या वाड्यांत होतं की नाही?

परदेशातल्या गटाची आणखी एक खुबी असते. तिथे सगळ्याच नव्या. दोन-तीन वर्षांत नवऱ्याची बदली होणार हे जवळजवळ प्रत्येकीला ठाऊक असतं. त्यामुळे ओळख व्हायला वेळ लागत नाही. पण त्याच कारणानं जिवलग मैत्रीण निघून जाण्याचं दुःखही वारंवार सोसावं लागतं.

हे गट लागतात कशासाठी? त्याचं उत्तर आकड्यांत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते नुकत्याच बाळंत झालेल्या साधारण १३ टक्के स्त्रियांना मानसिक आजाराचा, मुख्यतः नैराश्याचा, त्रास होतो. विकसनशील देशांत हे प्रमाण २० टक्क्यांच्या जवळ जातं. अमेरिकेचे तेव्हाचे सर्जन जनरल विवेक मूर्ती यांनी २०२४ मध्ये पालकांच्या ताणावर खास इशारापत्रच काढलं. ताण बहुतेक दिवशी पेलवेनासा होतो असं तिथले ४८ टक्के पालक सांगतात. इतर प्रौढांत हेच प्रमाण २६ टक्के.

आपल्या मुलींच्या बाबतीत त्यात व्हिसाची भर पडते. नवऱ्याच्या नोकरीवर अवलंबून असलेल्या बायकोला अमेरिकेत पूर्वी कामच करता येत नसे. २०१५ पासून ग्रीन कार्डाच्या रांगेत बरेच पुढे गेलेल्यांच्या बायकांना ती मुभा मिळाली. पण परवान्याच्या नूतनीकरणाचा अर्ज केल्यावर जुन्या परवान्याला आपोआप मुदतवाढ मिळायची, ती सोय ३० ऑक्टोबर २०२५ पासूनच्या अर्जांना बंद झाली. नवा परवाना वेळेत आला नाही तर नोकरी थांबते. इंजिनीअर झालेली, कमावती मुलगी अचानक चोवीस तास घरात. आई होण्याचा आनंद खरा, पण ‘मी आता कोण?’ हा तिचा प्रश्नही तितकाच खरा.

आता मुख्य शंका. धर्माची. झाकपाक न करता सांगते. हे गट सर्व धर्मांच्या आयांना बोलावतात, पण ते धार्मिकच असतात. तिथे प्रार्थना होते, मुलांना बायबलमधल्या गोष्टी सांगितल्या जातात. आयांनी ख्रिस्ताच्या जवळ यावं ही चालवणाऱ्यांची इच्छा असते आणि ती ते लपवत नाहीत. म्हणून घाबरून जायचं कारण नाही आणि डोळे मिटून जायचंही कारण नाही. मुलीला चार गोष्टी विचारायला सांगा. प्रार्थनेच्या वेळी मी नुसती बसले तर चालेल का? मुलांच्या खोलीत काय शिकवता? मुलं सांभाळणाऱ्यांची चौकशी करून घेता का? मध्येच यायचं थांबवलं तर कुणी मागे लागेल का? उत्तरं सरळ मिळाली तर निर्णय तिचा तिला घेऊ द्या. ती आई झाली आहे, तेवढी समज तिला असते. तिचं मन तिथे रमलं नाही तर अमेरिकेतल्या सार्वजनिक वाचनालयांत लहान मुलांसाठी गोष्टींचा तास असतो, फुकट. तिथेही आया भेटतात.

पण मला खरी टोचणी वेगळीच आहे. लंडनला १९३२ पासून महाराष्ट्र मंडळ आहे. उत्तर अमेरिकेतलं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ चं. गणपती, दिवाळी, नाटकं, मराठी शाळा, सगळं ही मंडळी हौसेनं करतात. त्यांचं कौतुकच आहे. मात्र बहुतेक कार्यक्रम शनिवार-रविवारचे, सणावाराचे. तीन महिन्यांचं बाळ घेऊन मुलगी मंगळवारी सकाळी दहाला कुठे जाणार? त्या वेळी ज्यांचं दार उघडं असतं, तिथेच ती जाणार. दार कुणाचं यावर चर्चा करण्याआधी आपलं का उघडं नाही, हे विचारायला नको?

आणि मैत्रिणींनो, परदेश कशाला, आपल्या गावातही अशा मुली आहेतच की. बँकेतल्या बदलीमुळे आलेल्या अधिकाऱ्याची ओडिया बायको, एमआयडीसीतल्या इंजिनीअरची तमिळ बायको. भाषा येत नाही, सासर-माहेर दोन्ही लांब. भिशीत तिला कुणी घेत नाही, भजनी मंडळात बाळ रडलं की सगळ्या वळून बघतात. अंगणवाडीत बाळाचं वजन होतं, आईच्या मनावरचं ओझं कोण मोजणार?

फार काही लागत नाही. देवळाचा सभामंडप किंवा वाचनालयातली एक खोली, पंधरा दिवसांतली एक सकाळ, चहाचा थर्मास आणि मुलं सांभाळायला दोन निवृत्त शिक्षिका. या शेवटच्या गोष्टीवरच सगळा डोलारा उभा आहे. कडेवरचं मूल कुणीतरी तासभर घेतलं, तरच आई बोलते.

ज्या आज्या यंदा निघाल्या आहेत त्यांना एवढंच सांगणं. शेवटच्या महिन्यात फ्रीजर पोळ्या-भाज्यांनी भरून ठेवाल, तो जरूर भरा. पण त्याच महिन्यात एका सकाळी लेकीला आणि नातवाला घेऊन बाहेर पडा. वाचनालय, बाग, मंडळातल्या एखादीचं घर किंवा चर्चमधला गट, तिला पटेल तिथे. तुमच्या माघारी दार वाजवू शकेल अशी एक तरी बाई तिच्या ओळखीची करून द्या आणि मगच परतीची बॅग भरा.