मेजावरील तपश्चर्या
बिलियर्ड्स, स्नूकर हीं नांवें काढतांच आमच्या औशांतील वडील मंडळींच्या कपाळास आठ्या पडतात. हा क्लबांतील रिकामटेकड्यांचा नाद, असें त्यांस वाटतें. त्यांनीं १९२२ सालीं पुण्यांत जन्मलेल्या विल्सन जोन्स यांचें चरित्र पाहावें. बिलियर्ड्सचें राष्ट्रीय अजिंक्यपद त्यांनीं बारा वेळां व स्नूकरचें पांच वेळां मिळविलें. १९५८ सालीं कलकत्त्यास ते बिलियर्ड्सचे हौशी जगज्जेते झाले; १९६४ सालीं न्यूझीलंडमध्यें पुन्हां. पुढें त्यांनीं शिष्य घडविले व १९९६ सालीं त्यांस द्रोणाचार्य पुरस्कार लाभला. पक्ष्याचा डोळाच पाहणाऱ्या अर्जुनाहून ही एकाग्रता वेगळी नव्हे. मुलास नाद कोणता, हें विचारण्यापूर्वीं त्यांत त्याची निष्ठा किती, हें पालकांनीं पाहावें, असें आम्हांस वाटतें.