करंज्यांचे गणित आणि बंद न्हाणीघर

मूल अकरावीला विज्ञान शाखेत गेले की घरात काही नवे शब्द येतात. त्यातलाच एक ‘लिमिटिंग रिएजंट’. शब्द परका वाटला, तरी दिवाळीत करंज्या करणाऱ्या प्रत्येकाला त्याचा अर्थ ठाऊक असतो. लाट्या ४० झाल्या आणि सारण ३० करंज्यांपुरतेच असले, तर करंज्या किती होणार? तीसच! आधी संपणारे सारण हाच इथला लिमिटिंग रिएजंट. तळताना तीन करंज्या फुटल्या आणि डब्यात २७ गेल्या, तर हाती आले ९० टक्के. हेच ‘पर्सेंट यील्ड’. हिशेबाने जेवढे मिळायला हवे, त्याच्या शेकडा किती मिळाले ते.

रसायनशास्त्रात पथ्य एवढेच, की नुसती वजने ताडून पाहायची नाहीत. रेणू ठरावीक संख्येनेच एकमेकांशी जुळतात. म्हणून प्रत्येक वजनाला रेणुभाराने भागून आधी मोल काढायचे आणि मग समीकरणात कोण कमी पडते ते पाहायचे.

आता हेच गणित घरातल्या गॅसला लावू. सिलिंडरमध्ये मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन असतात. ब्युटेनचे दोन रेणू पूर्ण जळायला प्राणवायूचे १३ रेणू लागतात. ब्युटेनचा रेणुभार ५८, प्राणवायूचा ३२. म्हणजे ५८ ग्रॅम ब्युटेनला साडेसहा मोल, अर्थात २०८ ग्रॅम प्राणवायू हवा. त्यातून १७६ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड आणि ९० ग्रॅम पाण्याची वाफ निघते.

हिवाळ्यात एक मोठी बादली पाणी तापवायला गॅस गिझरला साधारण एवढाच गॅस लागतो. आपले न्हाणीघर पाच फूट लांब, चार फूट रुंद आणि आठ फूट उंच आहे, असे धरा. त्यात सुमारे साडेचार हजार लिटर हवा मावते आणि तिच्यात प्राणवायू जेमतेम सव्वा किलो. दार-खिडकी बंद असेल, तर दोन बादल्यांतच त्यातला एक तृतीयांश संपतो. गॅसचे तसे नाही, तो सिलिंडरमधून येतच राहतो. आता लिमिटिंग रिएजंट कोण, हे सांगायला नकोच. शिवाय सगळा प्राणवायू संपेपर्यंत ज्योत थांबत नाही. तो कमी होऊ लागला, की ज्वलन अर्धवट होऊ लागते.

इथे ‘यील्ड’चा प्रश्न येतो. समजा, १७६ ग्रॅमच्या जागी १६७ ग्रॅमच कार्बन डायऑक्साइड तयार झाला. यील्ड ९५ टक्के! प्रयोगवहीत यावर शाबासकी मिळेल. पण उरलेल्या पाच टक्के कार्बनचा कार्बन मोनॉक्साइड झाला असेल, तर तो भरतो ५.६ ग्रॅम, म्हणजे सुमारे पाच लिटर. त्या न्हाणीघराच्या हवेत हजारात एका भागाहून अधिक! एवढ्या प्रमाणात तो जिवावर बेतू शकतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट धरतो. त्याला रंग नाही, वासही नाही. गॅस गळला तर कळावे म्हणून त्यात मुद्दाम वास मिसळलेला असतो, पण गॅस जळताना तोही जळून जातो. त्यामुळे नाक सावध करील, या भरवशावर राहू नये.

म्हणून गॅस गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेतच बसवावा. आधीच आत बसवलेला असेल, तर तो लवकरात लवकर बाहेर हलवून घ्यावा. तोवर खिडकी उघडी ठेवून बादली भरावी, गिझर बंद करावा, हवा खेळू द्यावी आणि मगच आंघोळीला जावे. थंडी वाजते म्हणून झरोक्यात कापड कोंबू नये. ज्योत निळी सोडून पिवळी दिसू लागली, तर कारागिराला बोलवावे. आंघोळ करताना डोके दुखले, मळमळले किंवा गरगरले, तर ताबडतोब मोकळ्या हवेत यावे आणि डॉक्टरांना दाखवावे. आत गेलेले माणूस हाकेला ओ देत नसेल, तर वाट पाहू नये. दार उघडून आधी त्याला बाहेर आणावे.

विजेच्या गिझरला ही भीती नाही, कारण तिथे काही जळतच नाही. पण जिथे ज्योत आहे, तिथे तिच्या वाट्याचा प्राणवायू बाहेरून येतो आहे ना, एवढे रोज पाहायलाच हवे.